आधी सुकाणू, मग इंजिन

श्रीवर्धनजवळच्या मासळीच्या शीतगृहात मी यंत्रदेखभालीच्या कामाला लागलो, तेव्हा फोर्कलिफ्ट चालवणाऱ्या काकांना सगळे नाखवाच म्हणत. जन्मभर होडी चालवून, ती विकून ते इथे आले होते. त्यांच्या गाडीचे मागचे टायर सारखे झिजत आणि फरशीवर काळे पट्टे उठत.

"टायर फरफटवतो हा माणूस. पुन्हा टायर गेले, तर त्याला खाली उतरवा," मॅनेजरांनी मला बजावलं. गाडीवरून खाली म्हणजे कामावरूनच बाहेर, हे नाखवांनाही ठाऊक होतं.

आमच्या घरात पदवी घेणारा मी पहिला. मला शिकवणाऱ्यांचं ऋण फेडायचं, तर ते शिकलेलं वापरून अशी कुणाची नोकरी वाचवण्यातूनच, असं मला वाटलं.

आधी गाडी उचलून पाहिली. मागचं चाक ज्या पिनेवर वळतं, ती खाऱ्या पाण्याने गंजून कोरडी पडली होती. साफ करून ग्रीस भरलं. पट्टे कमी झाले, पण थांबले नाहीत.

मग मी नुसता बघत उभा राहिलो. गाडी जागेवर असतानाच नाखवा स्टिअरिंग पूर्ण फिरवत, आणि मगच ती हलवत.

"नाखवा, आधीच का फिरवता?"

"मग काय धक्क्याला ठोकल्यावर फिरवू? आधी सुकाणू, मग इंजिन. कालेजात शिकवला न्हाय व्हय?"

हमाल हसले.

"पाणी सरकतं, नाखवा. फरशी सरकत नाही. रिकाम्या गाडीचा भार मागच्याच चाकांवर असतो. उभ्या गाडीत वळवलं की रबर घासतं. आधी जरा हलू द्या, मग वळवा. वळणही मोठं घ्या."

दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक वळणाआधी त्यांचा हात थबकायचा. ओठ हलायचे. स्वतःलाच दटावत असावेत.

पुढच्या तपासणीत टायर ठीक निघाले. "राहू दे म्हाताऱ्याला," मॅनेजर म्हणाले. मी धावत जाऊन सांगितलं. नाखवांनी मान हलवली आणि ते स्वच्छ फरशीकडे बघत राहिले.

"काल भावाच्या होडीवर गेलो व्हतो," ते म्हणाले. "सुकाणूवर हात ठेवला, न् होडी हलायची वाट बघत रायलो. धक्क्याला घासली."

"मग?"

"भाऊ म्हनला, दादा, तू आता बाजूला बस."

एवढं बोलून त्यांनी गाडी थोडी पुढे सरकू दिली, आणि मग हळूच वळवली.