पदरातली मेथी
फवारणीचा तो उग्र वास नाकात शिरला, की मला कवठे येमाईची ती दुपार आठवते. शिरूर-दौंडकडचे आम्ही सेंद्रिय शेतीवाले मेळाव्याला जमलो होतो आणि जेवणाआधी यजमान शेतकरी आपलं रान दाखवत होता. मेथीच्या वाफ्यात उकिडवं बसून त्यानं गांडुळांची भुसभुशीत माती मुठीत उचलली आणि तेवढ्यात वारा फिरला. बांधापलीकडं पाठीवर पंप घेऊन एक माणूस कीटकनाशक फवारत होता, त्याचे तुषार थेट मेथीवर आणि आमच्या अंगावर यायला लागले. सगळ्यांनी नाकाला रुमाल लावले. "कुणाचं रान हाय ते?" आमच्यातल्या म्हाताऱ्या आप्पांनी यजमानाला विचारलं. "धाकट्या भावाचं." "आन् त्येला सांगितलं न्हाई व्हय, आज माणसं येणार हायेत म्हणून?" मुठीतली माती खाली सोडत तो म्हणाला, "सांगितलं व्हतं की आप्पा. म्हणून तर आज पंप काढलाय त्यानं." यजमानाच्या बायकोनं आमच्या जेवणासाठी खुडलेली मेथी पदरातून बांधावर ओतली आणि ती घराकडं निघाली. पंगतीत नुसतं पिठलं-भाकरी होतं. यंदाचा मेळावा माझ्या रानात ठरलाय. माझ्याही बांधापलीकडं भाऊच आहे. त्याला सांगावं की न सांगावं, अजून ठरत नाही.