तोलाची नस

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मी नाशिकच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये ट्रंक बोर्डावर होते. समोर दिव्यांची आणि भोकांची उभी फळी. दिवा लागला की कॉर्ड लावायची, मागणी ऐकायची, पलीकडचं गाव जोडायचं. ड्यूटीभर मान डावीकडून उजवीकडे. हे काम मला चांगलं येत होतं, आणि ते चांगलं येतं हे मला ठाऊक होतं.

त्या हिवाळ्यात आठवडाभर साधी सर्दी झाली आणि गेली. मग एका सकाळी डोळे उघडले तर खोली फिरत होती. नेहमीची चक्कर ही नव्हे. नेहमीच्या चकरेत अंधारी येते, माणूस खाली बसतो आणि सावरतो. इथे मी आडवी असूनही कपाट एकाच दिशेने सरकत होतं, जागेवर येऊन पुन्हा सरकत होतं. उलट्या थांबेनात.

शेजारीण पाहायला आली. तिने आधी माझ्या पोटाकडे पाहिलं. "गोड बातमी का, ताई?"

"पोरगा बारावीला आहे," मी डोळे न उघडता सांगितलं.

"मग काय झालं?" ती म्हणाली.

सासूबाईंना मी आत्या म्हणे. त्या निफाडकडच्या. त्यांनी पित्त ठरवलं. माझं कपाळ फडक्याने आवळलं, खिडकी लावून घेतली, मोरावळा भरवला. "मान हालवू नको. हाललं का पित्त चढतंय." गल्लीतल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्यांनी उलट्या थांबल्या. चौथ्या दिवशी खोलीही थांबली. पण मान वळवली की झोका बसे, म्हणून मी मान वळवेना. गोळ्या संपल्या की रिकामी पट्टी दाखवून नवरा मेडिकलमधून तशाच आणी. मोरीपर्यंत जायचं तरी एका बाजूला नवरा, दुसऱ्या बाजूला मुलगा. पाच आठवडे असे गेले. एवढ्या दिवसांत घरातलं कोणी माझ्यावर चिडलं नाही, आणि तिथेच आमचं चुकलं.

मला भीती वेगळीच होती. हेडफोन मी डाव्या कानाला लावत असे आणि माझा तोलही डावीकडेच जात होता. इतक्या वर्षांच्या खरखरीने कान गेला, असं मी मनाशी धरून चालले. कान गेला की बोर्ड गेला. मग रेकॉर्डच्या खोलीत फाइलींना दोरे बांधत निवृत्त व्हायचं. नवऱ्याचं घड्याळ डाव्या कानाशी धरून मी रोज टिकटिक ऐके. ती ऐकू येई, पण माझा विश्वास बसत नसे.

शेवटी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेलो. ऐकू किती येतं ते तपासायला त्यांनी दोन पात्यांचा पोलादी चिमटा वाजवून कानापाशी, मग कानामागे धरला. नंतर उजव्या कानात थंड पाणी सोडलं. खोली गरकन फिरली, मी खुर्चीचा हात धरला. थोड्या वेळाने डाव्या कानात सोडलं. काहीच झालं नाही.

"बघा, ह्या कानाला त्रास नाही," मी म्हणाले.

"ह्याच कानाला आहे. थंड पाण्याने फिरायला हवं. हा गप्प बसलाय."

मग त्यांनी समजावलं. आतल्या कानातून मेंदूकडे दोन कामांच्या नसा जातात. एक ऐकण्याची, ती माझी शाबूत होती. दुसरी तोलाची, तिला सूज आली होती. बहुधा विषाणूमुळे, कदाचित त्या सर्दीच्याच. खात्रीने सांगता येत नाही, असंही ते म्हणाले, आणि ते मला आवडलं. हेडफोनचा संबंध नव्हता. पित्ताचाही नव्हता.

"मग औषध काय?"

"आहे ते बंद करा." गोळ्या पहिल्या दोन-तीन दिवसांपुरत्या होत्या. पुढे त्या मेंदूला गुंगीत ठेवतात. एका कानाकडून तोलाची खबर येत नाही, हे मेंदूला उमगून त्याने नवा हिशोब बसवायचा असतो, आणि मान हलल्याशिवाय तो बसत नाही. "तुम्ही त्याला पाच आठवडे शिकूच दिलं नाही."

भिंतीवर पेन्सिलीने ठिपका काढायचा, नजर त्यावर ठेवून मान डावी-उजवी, मग वर-खाली हलवायची. दिवसातून तीनदा. गरगरेल, तरी करायचं.

दुसऱ्या दिवशी न्हाऊन केस सुटे सोडले होते आणि भिंतीसमोर मान हलवत उभी होते. शेजारणीने उघड्या दारातून पाहिलं आणि ती नारळ आणि हळदकुंकू घेऊनच आली. माझ्या पुढ्यात बसून हात जोडले. "आई, आमच्या थोरलीचं यंदा जमेल का?"

आत्या स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. "आमी बौद्ध हाय गं बाई, आमच्यात अंगात येत नाय. हिच्या कानात आलंय."

"कानात कोणती आई येते?" तिने गंभीरपणे विचारलं.

मान थांबवावी की हसावं हे मला कळेना. ती गेल्यावर आत्या माझ्याजवळ पाट घेऊन बसल्या आणि मोजायला लागल्या. "चाळीस झाले. अजून धा." हात मात्र धरला नाही. मी भिंतीला आपटले तेव्हाही नाही.

महिन्याभराने एकटी चालू लागले. अंधारात भिंतीला बोट लावावं लागे. ते आजही लागतं.

फिटनेसचा दाखला घेऊन गेले तर सुपरवायझर बाईंनी माझं नाव रेकॉर्डच्या यादीत घातलेलं होतं. "अर्धा तास बसवून बघा," मी म्हणाले. त्या मागे उभ्या राहिल्या. टोकाचा दिवा लागला, मी मान वळवली, झोका आला. ठिपक्याकडे पाहत होते तशी त्या दिव्याकडे पाहत राहिले. झोका ओसरला, कॉर्ड भोकात गेली. लासलगावचा अडत्या दिल्ली मागत होता.

"ताई, जरा मोठ्यानं बोला, इकडं काय ऐकू येईना."

मला त्याचा शब्द न् शब्द ऐकू येत होता, मागचा ट्रॅक्टरसुद्धा.

"मला येतंय," मी म्हणाले, आणि दिल्ली मागितली.