मला फक्त एक पट्टा हवा होता

चहा घेताय ना? मग आधी घोट गिळा आणि मगच ऐका. मी जयपुरात एक साधी खरेदी करायला निघाले आणि आठ दिवसांत आमच्या अख्ख्या मुरलीपुरा वस्तीचं डोकं फिरवून ठेवलं!

झालं असं, की आम्ही मूळचे साताऱ्याचे. माझी बँकेची नोकरी, बदली झाली जयपूरला. इथे ओळखीपाळखी नाहीत, संध्याकाळ खायला उठायची. म्हणून गल्लीच्या टोकाच्या जिममध्ये नाव घातलं. वय शेहेचाळीस. सुरुवातीला नुसतं बारला लटकायचे, ओल्या टॉवेलसारखी. पण वर्षभरात डिप्स जमायला लागले की हो! दोन समांतर दांड्यांवर हात रोवायचे, पाय अधांतरी, खाली जायचं आणि परत वर यायचं. एका दमात पंधरा!

आमचे ट्रेनर सुमेरजी म्हणाले, "मॅडम, अब वजन लटकाओ. डिप बेल्ट ले लो. अगले रविवार को अपनी जिम का मुकाबला है. दस किलो लटका के जो सबसे ज्यादा करेगा, वो जीता."

डिप बेल्ट म्हणजे कमरेला बांधायचा रुंद पट्टा. त्याला पुढे साखळी, साखळीत लोखंडी वजन. झालं, एवढंच!

एवढंच? अहो, आधी ऑनलाइन मागवला. तो नायलॉनचा निघाला आणि वजन लावलं की सरळ खाली घसरायचा. पट्टा सांभाळू की अब्रू सांभाळू? साखळी तर एवढी लांब, की दर डिपला वजन नडगीवर आपटायचं. मग बाजारात गेले. "बेल्ट दिखाइए" म्हटलं की दुकानदार पँटचे दाखवायचे. एकाने तर कंबरदुखीचा काढला आणि वर म्हणाला, "माताजी, बहुत आराम मिलेगा."

माताजी!

मी ठरवलं, यापुढे 'बेल्ट' म्हणायचंच नाही. चांगला, भारदस्त शब्द वापरायचा. पट्टा!

इथे एक गोष्ट सांगून ठेवते, जी मला तेव्हा ठाऊक नव्हती. राजस्थानात पट्टा म्हणजे जमिनीचा सरकारी कागद. प्लॉट आपल्या नावावर आहे, याचा पुरावा. चेन म्हणजे तो प्लॉट आधी कुणाकुणाच्या हातून आला त्या कागदांची मालिका. आणि वजन? ते काय, आपल्याकडेही फाइलीवर ठेवतातच.

तर समोर राहणारे शेखावतजी व्हरांड्यात दोन मोबाइल घेऊन बसले होते. माणूस दांडग्या ओळखींचा, सगळ्या शहराची माहिती असलेला. मी फाटकातूनच म्हटलं, "शेखावतजी, मुझे एक पट्टा चाहिए. अच्छा, मजबूत."

त्यांनी दोन्ही मोबाइल खाली ठेवले. "पट्टा? आपके खुद के लिए?"

"और किसके लिए? मिस्टर को इसमें कोई इंटरेस्ट नहीं."

"अच्छा अच्छा. और साइज?"

"बत्तीस."

"बत्तीस बाय?"

"बाय काही नहीं जी. सिर्फ बत्तीस. राउंड में."

ते जरा विचारात पडले. मला वाटलं, बाईच्या कमरेचं माप ऐकून बिचारे लाजले. मी पुढे रेटलं, "और चेन चाहिए. टूटी हुई बिलकुल नहीं चलेगी."

"अरे मॅडम, चेन तो पूरी मिलेगी! गडबड माल को मैं हाथ नहीं लगाता."

बघा! याला म्हणतात जाणकार माणूस! मी खूश होऊन खणखणीत आवाजात म्हणाले, "और वजन! अभी तो दस किलो रखूँगी. फिर हाथ बैठ गया तो सीधा बीस!"

शेखावतजी खुर्चीवरून अर्धे उठले. गल्लीच्या दोन्ही बाजूंना बघितलं. "मॅडम, धीरे! ऐसी बातें रोड पर नहीं करते. आप शनिवार तक रुको, मैं सब करवाता हूँ."

मी तरंगत घरी आले. प्रॉपर्टीचा धंदा करणाऱ्या माणसाशी आपण बोलून आलो, याची मला गंधवार्ता नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून लोक माझं अभिनंदन करायला लागले. भाजीवाली म्हणाली, "सुना है पट्टा ले रही हो?" मी म्हटलं, "हाँ जी, रविवार को देखने आना!" बँकेत साहेबांनी पेढे मागितले. मला वाटलं, जिमची बातमी पसरलीय. मीही ऐटीत दंड दाखवून सांगितलं, "सर, सब अपने दम पर!" साहेब म्हणाले, "लोन भी नहीं लिया?" आता पट्ट्याला कोण कर्ज काढतं? मी हसले. तेही हसले. पण जरा बिचकूनच.

बुधवारी घरमालकीण शर्मा आंटी एका जोडप्याला घेऊन थेट आमच्या स्वयंपाकघरात. ती बाई म्हणाली, "फ्रिज यहाँ आ जाएगा." मी त्यांना पाहुणे समजून पोहे खायला घातले!

आणि आमचे हे? दोन दिवस तोंड फुगवून. शेवटी शुक्रवारी म्हणाले, "मला इंटरेस्ट नाही असं तू परस्पर सांगितलंस म्हणे?"

"मग आहे का? कधी जिमचं तोंड तरी बघितलंय?"

"जिमचा काय संबंध? एवढी मोठी गोष्ट! नवऱ्याला विचारावं तरी!"

"पट्टा घ्यायला नवऱ्याची परवानगी? कमाल आहे हं तुमची!"

हे पाय आपटत आतल्या खोलीत गेले. पण शनिवारी शेखावतजींच्या गाडीत माझ्या आधी जाऊन बसले.

गाडी निघाली ती थेट जगतपुऱ्याला. दुकानं मागे पडली, कॉलेजं मागे पडली, मोकळी जमीन लागली. मनात म्हटलं, कारखान्यातून थेट माल मिळणार तर! एका रिकाम्या प्लॉटवर बाज टाकलेली, दोन लोखंडी खुर्च्या. बाजेवर पांढऱ्या झुबकेदार मिशांचे, साफा बांधलेले म्हातारे बन्नेसिंहजी. जमिनीचे मालक. चहा आला. मग त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीतून अदबीने एक कागद काढून माझ्या हातात ठेवला.

"ये रहा पट्टा."

मी कागद उलटा केला, सुलटा केला. पिशवीत हात घालून पाहिला. रिकामी.

"ये तो कागज है," मी म्हटलं. "पट्टा दीजिए ना. मैं पहले पहन के देखूँगी."

 लांबवर एक कुत्रा तेवढा भुंकला.

"पहन के?" बन्नेसिंहजींनी सावकाश विचारलं.

"कमर पर! फिर उसमें दस किलो लटका के ऊपर-नीचे होना है!" मला काही सुचेना. मी उठले, दोन लोखंडी खुर्च्या पाठीला पाठ करून जवळ ओढल्या, एकीवर शेखावतजींना बसवलं, दुसरीवर ह्यांना. मध्ये उभी राहून साडीचा पदर खोचला, दोन्ही पाठींवर हात रोवले, पाय उचलले आणि धडाधड पाच डिप्स मारून दाखवले!

आधी कळलं ते ह्यांना. कपाळावर हात मारून ओरडले, "अगं, ते जमिनीचा कागद विकतायत!" मग शेखावतजींना कळलं. ते डोकं धरून बसले. बन्नेसिंहजींना मात्र असं हसू फुटलं, की साफ्याच्या टोकाने डोळे पुसावे लागले. मी? मला त्या प्लॉटमध्ये खड्डा हवा होता. साइज बत्तीस, राउंड.

हसून झाल्यावर म्हातारबाबा म्हणाले, "बेटी, जमीन मत ले. पट्टा मैं दिलाता हूँ." त्यांच्या पुतण्याचा विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्रात चामड्याचा कारखाना होता. आम्ही तसेच तिकडे गेलो. पुतण्याने माप घेतलं, मागे हातभर... अहो, अतिशयोक्ती झाली, चांगला वीतभर रुंद आणि पुढे निमुळता होत जाणारा जाड चामड्याचा पट्टा कापला. साखळीच्या कड्या मोजून तोडल्या, वजन बरोबर गुडघ्याच्या वर लटकेल अशा. मी बांधून उड्या मारल्या. तसूभर घसरेल तर शपथ!

रविवारी जिम खच्चून भरली. शेखावतजी आले, शर्मा आंटी आल्या, आम्ही घर सोडणार म्हणून ते बघायला येऊन पोहे खाऊन गेलेलं जोडपंही आलं. माइकवर पुकारा झाला, "मीणाजी, आइए!" माझं नाव मीना. गेले! दहा किलो लटकवले आणि मारले नऊ! शिट्ट्या काय, टाळ्या काय! हे तर खुर्चीवर उभे!

मी दोन्ही हात उंचावून खाली उतरले. सुमेरजी कानाशी येऊन म्हणाले, "मॅडम, बहुत बढिया. लेकिन मीणाजी को बुलाया था."

मागे एक सहा फुटी गृहस्थ पट्टा बांधून अदबीने उभे होते. इकडे मीणा हे आडनाव गल्लोगल्ली असतं! पुरुषांचा गट चालू होता. बायकांची पाळी अजून यायची होती.

पाळी आली तेव्हा हात उकडलेल्या शेवयांसारखे झालेले. कॉलेजच्या एका मुलीने सहा मारून ठेवलेले. पाच झाले, सहा झाले, सातव्याला अर्ध्यात थांबले. लटकतेय, थरथरतेय. ह्यांनी मराठीतून आरोळी ठोकली, "चल गं माझे वाघिणी!" आणि मी वर!

पहिला नंबर! गळ्यात पदक, शेखावतजींच्या हस्ते हार. प्रशस्तिपत्रक मी घरी आल्यावर चष्मा लावून वाचलं. ठळक अक्षरात लिहिलं होतं: 'महिला वर्ग, प्रथम स्थान: श्रीमान मीणाजी.'

"अगं, श्रीमान काय? उद्या जाऊन बदलून घे," हे म्हणाले.

"भिंतीवर खिळा ठोका," मी म्हटलं. "बदलायला गेले, तर मला बोलावं लागेल. आणि मी बोलले, की हे लोक पदकही परत मागतील!"