सोसेंगवालीच्या मुलाचा भात

कोरियातल्या आमच्या उलसानात लग्न होऊन आलेल्या बाईला तिच्या नावानं हाक मारत नाहीत. ती ज्या गावची, तेच तिचं नाव. माझ्या शेजारच्या वहिनी सोसेंगच्या, म्हणून सोसेंगवाली. समुद्रकाठची बाई, त्यामुळे आवाज लाटांच्या वरून ऐकू जाईल असा. ती परसात कोंबड्या हाकलू लागली की माझ्या खानावळीतली गिऱ्हाइकंसुद्धा दचकून उठायची.

तेव्हा आमच्यावर राज्य करणाऱ्या जपानी सरकारनं नदीकाठच्या सपाटीवर विमानतळ करायचं ठरवलं, त्यात तिची भातखाचरं गेली. तोक्योहून मांचुरियाकडे जाणाऱ्या विमानांना वाटेत टेकायला जागा हवी होती, आणि साम्राज्याला टेकायचं झालं की ते दुसऱ्याच्याच खाचरात टेकतं. गावातले सगळ्यांत वडील पेक आजोबा घोड्याच्या केसांची काळी टोपी घालून मोजणीदाराकडे गेले.

"हे पाखरू खातं काय?"

"पेट्रोल."

"शेण देतं का?"

"नाही."

"मग खाचरं घालवून पाळायचं कशाला?"

सोसेंगवालीचा एकुलता एक मुलगा मान्हो मात्र ते पाखरू बघून खुळावला. जपानात गेला, ओसाकाची न्हाणीघरं घासली, आणि घासता घासता वैमानिकाचा परवाना मिळवून परत आला. गावानं तांदूळ कुटून वड्या केल्या. त्याची चामड्याची टोपी पेक आजोबांसकट सगळ्यांनी घालून पाहिली. आजोबांनी तर आपल्या टोपीवरच घातली.

मग मान्हो विमानतळावर नोकरी मागायला गेला. तिथला साहेब सभ्य होता. परवाना खरा आहे, म्हणाला. पण टपालाच्या आणि उतारूंच्या विमानावर कोरियन माणूस बसवायचा नाही, असा वरचा दंडक होता. सामान चढवायला ये हवं तर.

"म्हणजे विमान उचलायचं नाही, पेट्या उचलायच्या," मान्हो माझ्याकडे रस्साभात ढवळत म्हणाला. नुसता ढवळला. खाल्ला नाही.

थोड्याच दिवसांत तो यालू नदी ओलांडून चीनमध्ये निघून गेला. मागोमाग पोलीस आले; चीनमध्ये गेलेला कोरियन त्यांच्या लेखी बंडखोरच. आईला खरं कळलं तर तिच्या त्या आवाजातून ते जिल्हाभर जाईल, ही आम्हाला धास्ती. तेव्हा पेक आजोबांनीच तिला बाजूला घेऊन सांगितलं, "सूनबाई, पोराला नोकरी लागलीय. टपालाचं विमान तोच आणतो. पण नाव बदलून. कुणाजवळ बोललीस तर जाईल. भेटायची तर बंदीच आहे."

आम्हाला कुंपणाच्या आत मज्जाव होता, आणि लांबून टोपी-चष्म्यातला वैमानिक कुणाच्याही पोटचा दिसतो. सोसेंगवाली कुंपणाशी उभी राहून डोक्याचा फडका हलवायची. वैमानिक बिचारी भली पोरं. तीही हात करायची.

"भाऊजी, आज वाकडा उतरला," एकदा ती मला म्हणाली. "झोप झाली नसणार."

"वारा होता, वहिनी."

"वारा कसला? झोप नीट झाली नाही की तो घरातसुद्धा दाराच्या चौकटीवर असाच आदळतो."

घरातलं माणूस बाहेर असलं की त्याच्या वाट्याचा भात वाटीत झाकून, चुलीच्या उबेनं तापलेल्या जमिनीवर रजईत गुंडाळून ठेवायचा. मग ते माणूस जिथे असेल तिथे उपाशी राहत नाही. हे आमच्याकडे घरोघरी करतात. पण सोसेंगला त्यापुढेही एक मानतात: झाकणाच्या आतून थेंब धरले असतील तर माणूस सुखरूप आहे. सोसेंगवाली संध्याकाळी झाकण उलटं करून मला थेंब दाखवायची. गरम भातावर झाकण ठेवल्यावर थेंब यायचेच. पण एवढं शास्त्र गावात कुणाच्याही तोंडून निघालं नाही. मी आपला "वा, पुष्कळ आहेत की," म्हणायचो.

अशी तीन वर्षं गेली. मग उन्हाळा संपता संपता मोठं वादळ झालं, विमान इथंच अडकलं, आणि वैमानिक भिजत माझ्या खानावळीत जेवायला आला. मी त्याच्यासमोर वाडगा ठेवतोय, तोवर सोसेंगवाली दारात. केस तेल लावून चापून बसवलेले, छातीशी रजईच्या फडक्यात बांधलेली वाटी.

तिनं त्याच्याकडे पाहिलं. बावीस-तेवीस वर्षांचं जपानी पोरगं. आपण हिच्या जागेवर बसलो की काय, असं वाटून ते उठून उभं राहिलं.

"बस," ती म्हणाली. फडकं सोडून तिनं वाटी त्याच्यापुढे सरकवली. "खा. गार होईल."

त्याला शब्द कळले नाहीत, पण वाटी कळली. तो खाऊ लागला.

"माझा दुसऱ्या विमानावर असेल. विचारा ना याला, भाऊजी. तुम्हाला जपानी येतं."

मी विचारलं. चमचा खाली ठेवून, जणू चूक त्याचीच असल्यासारखा, तो म्हणाला की या मार्गावर कोरियन वैमानिक एकही नाही. हे आमच्या भाषेत कसं आणायचं, याच्यात मी अडकलो. कोपऱ्यात पेक आजोबा बसले होते.

"तू थांब," ते मला म्हणाले. "थाप माझी आहे. मीच सांगतो."

आणि त्यांनी सगळं सांगितलं. मान्हो चीनमध्ये एका विमान कंपनीत लागला होता. तिथे पैसा अमेरिकन, वैमानिक अमेरिकन. जपान्यांनी त्याला कोरियन म्हणून बसू दिलं नाही, आणि तिकडे कागदावर तो जपानचा प्रजाजन, म्हणून हेर असेल असा संशय. त्याला इंजिनं पुसायला ठेवलं. यंदाच्या वसंतात जिनसेंगच्या औषधी मुळ्या विकणारा फेरीवाला सांगून गेला, की विमानाच्या छपरीला आग लागली. मान्हो आत होता. दिवस कुठला, ते फेरीवाल्यालाही माहीत नव्हतं.

सोसेंगवालीचा आवाज चढला नाही. तो चढला असता तर बरं झालं असतं.

"वसंतात?"

"हो."

"मग उन्हाळाभर मी फडका कुणाला हलवत होते?"

वैमानिकाला यातलं काही कळलं नव्हतं. त्यानं रिकामी वाटी दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरली आणि कमरेत वाकून आभार मानले.

"पोटभर जेवला का विचारा," ती मला म्हणाली.

"जेवला, वहिनी."

"बरं."

मरणाचा दिवस ठाऊक नसलेल्यांचं श्राद्ध आमच्याकडे नवव्या महिन्याच्या नवव्या दिवशी करतात. तोवर ती रजईत वाटी ठेवतच राहिली. पेक आजोबा एकदा समजूत काढायला गेले.

"सूनबाई, आता ती वाटी बाहेर काढ."

"थेंब येतात अजून."

"ते येणारच गं."

"मग?"

आजोबा काठी घेऊन परत आले.

तरी त्या दिवशी ताट तिनंच मांडलं. सुकी मासळी, पर्सिमनची फळं, भात. श्राद्धाच्या भातात चमचा उभा रोवायचा असतो. तो हातात घेऊन ती बराच वेळ बसली, मग रोवला. आणि तिथे सगळं अडलं. मृताला वाकून नमस्कार करायचा तो धाकट्यांनी. आई मुलापुढे वाकत नाही, वडीलधारे तर नाहीतच. मान्होचं लग्न झालेलं नव्हतं, आणि त्या घरात त्याच्याहून धाकटं कुणीच नव्हतं. आम्ही भिंतीला टेकून एकमेकांकडे बघत राहिलो.

पेक आजोबांनी टोपी सारखी केली. पुढे झाले, गुडघे टेकले आणि कपाळ जमिनीला लावलं. गावातला सगळ्यांत म्हातारा माणूस काल-परवाच्या पोरापुढे. असं कधी कुणी पाहिलं नव्हतं. मृताला दोनदा वाकायचं असतं. दुसऱ्यांदा त्यांना उठवेना.

सोसेंगवालीनं त्यांच्या काखेत हात घालून त्यांना उठवलं. "पुरे, मामंजी. त्याला संकोच वाटेल."

श्राद्धाचं अन्न मागाहून सगळ्यांनी वाटून खायचं. मासळी तिनं आम्हाला दिली, फळं आजोबांना. चमचा उपटून भाताची वाटी मात्र स्वतःकडे ओढली आणि जेवू लागली.

"गार झालाय, वहिनी," मी म्हटलं. "वरून थोडा रस्सा आणून देतो."

"नको," ती म्हणाली. "तिकडे त्यानं असाच खाल्ला असेल."