केळीच्या पोटातलं

नमूताई धुतलेली प्रत्येक काचबशी नाकाशी धरायच्या. जराही वास आला, तर ती पुन्हा पाण्यात. पालघरजवळच्या आमच्या छोट्या प्रयोगशाळेत काचसामान धुण्याचं काम त्यांच्याकडे होतं. त्या माकुणसारहून यायच्या. घरची केळीची वाडी होती. मी साताऱ्याहून नव्यानेच आलेली. ऐंशीचं दशक संपत आलं होतं.

केळीच्या मुळांच्या आत राहणारे उपयोगी जिवाणू शोधणं, हे माझं काम. मूळ बाहेरून निर्जंतुक करायचं, तीनदा पाण्यातून काढायचं, चिरून बशीत ओतलेल्या जिवाणूंच्या खाद्यावर ठेवायचं. दोन दिवसांत तुकड्याभोवती पांढुरकी साय धरायची. ती मुळातून आली की बाहेरून शिरली, हेच मला कळेना. निरोगी मुळात इतके जिवाणू कसे असतील?

"बश्या नीट धुता ना?" मी एकदा विचारलं.

"धुते की, बाय. झाड आजारी हाय का? नाय ना? मंग ते त्याच्या पोटातलेच हायत."

बश्या भट्टीत तापवल्यावर धुण्यातली चूक उरत नाही, हे मला शिकवलेलं होतं. तरी तिसऱ्या महिन्यात मी प्रयोगशाळेच्या साहेबांकडे धुण्यात चूक होते म्हणून नमूताईंचं नाव सांगितलं. साहेबांनी त्यांना रोपवाटिकेत पिशव्या भरायला पाठवलं.

बश्या धुवायला नवीन माणूस आला. साय तशीच. मग उशिरा का होईना सुचलं, आणि मुळं धुतलेलं शेवटचं पाणी मी वेगळ्या बशीत घातलं. पाच दिवस ती बशी कोरी राहिली. शेजारची, मुळाची, भरून गेली. म्हणजे बशीही स्वच्छ होती आणि मूळही बाहेरून स्वच्छ होतं; जिवाणू आतलेच होते. पुढे कुंडीतल्या रोपांना ते दिले, तर मुळं दाट फुटली. साहेबांनी पाठ थोपटली. मला आनंद झाला होता की लाज वाटत होती, सांगता येत नव्हतं.

रविवारी मी माकुणसारला गेले. "चूक माझी होती, नमूताई. परत या."

त्या केळीच्या बुंध्याशी फुटलेली जादा पिलं काढत होत्या. "तुमी मला इचारलं, ते चाललं. सायबाला कशाला सांगितलं?" एवढं म्हणून त्यांनी चहा टाकला.

पुढची कितीतरी वर्षं त्या रोपवाटिकेतच राहिल्या. रोज हसून बोलायच्या. प्रयोगशाळेत मात्र त्यांनी पाऊल टाकलं नाही. बोलावलं की तळवे पुढे करायच्या. "मातीचे हायत, बाय."

राग होता की खरंच फक्त माती, मला शेवटपर्यंत कळलं नाही.