वन्संच्या वाटणीचं मीठ

आमच्या वन्सं जेवायला बसल्या की पहिली नजर ताटाच्या डाव्या कोपऱ्यात टाकायच्या. तिथे मीठ नसेल तर वरणभातावर तूप पडलं तरी त्यांचा हात पुढे यायचा नाही. आणि मीठ म्हणजे चिमूटभर नव्हे, चांगलं खडेमीठ, लहानशी रास. "अळणी माणूस एक वेळ खपवून घेईन, अळणी आमटी नाही," असं म्हणून माझ्याकडे बघायच्या. मी तेव्हा नवी सून, आमटीही माझीच, त्यामुळे टोमणा माणसाला की आमटीला हे मला बरेच दिवस कळलं नाही.

वन्सं म्हणजे यांची मोठी बहीण. मुलुंडला मुलींच्या शाळेत मास्तरीण होत्या. बोलणं झरझर आणि चालणं त्याहून झरझर. बाजारात त्यांच्याबरोबर जायचं म्हणजे मला अर्धी वाट पळावं लागे, आणि वर त्याच वळून विचारायच्या, "सुमन, चालतेस की रांगतेस गं?" पूर्वेकडच्या मिठागरांवर कामाला जाणाऱ्या आगऱ्यांच्या पोरी त्यांच्या वर्गात होत्या. उन्हाळ्यात मीठ निघालं की कुणाची तरी आई फडक्यात बांधून खडेमीठ आणून द्यायची. ते चिनीमातीच्या बरणीत भरून ठेवायचं काम वन्सं दुसऱ्या कुणाला करू देत नसत.

त्यांनी लग्न केलं नाही. माझे सासरे आणि सासऱ्यांचे थोरले भाऊ दोघेही मूत्रपिंडाच्या दुखण्याने गेले होते, आणि हे दुखणं रक्तातून मुलांकडे उतरतं असं डॉक्टरांनी घरात सांगून ठेवलं होतं. एक स्थळ अगदी जमत आलं होतं म्हणे. चहाचे कप खाली ठेवायच्या आत वन्संनी मुलाच्या आईला स्वतःच सांगून टाकलं, "आमच्या घरात हे दुखणं आहे. मला होईल, न होईल. तुम्ही विचार करून काय ते कळवा." मंडळींनी विचार केला आणि कळवलंच नाही. सासूबाई महिनाभर बोलल्या नाहीत त्यांच्याशी. वन्सं म्हणाल्या, "खोटं बोलून मिळालेलं घर मला पचलं नसतं." खोटं त्यांना खरोखरच येत नव्हतं. ही गोष्ट मी उगाच सांगत नाही.

या दुखण्यापायी घरात एक रीत पडली होती. दर रविवारी न्हाणं झालं की वन्सं आणि हे दोघं पाटावर पाय ठेवायचे. सासूबाई नडगीवर अंगठा दाबून दहा आकडे मोजायच्या आणि अंगठा काढून बघायच्या. सासऱ्यांच्या पायाला तसा खड्डा पडायचा आणि बराच वेळ तसाच राहायचा. खड्डा पडला की दुखणं आलं, अशी आमच्या घरची समजूत. सासूबाई गेल्यावर अंगठा माझ्याकडे आला. मी मनातल्या मनात देवाचं नाव घेत मोजायची आणि वन्सं वरून म्हणायच्या, "आटप गं, कणीक तिंबतेस की काय?"

माझ्या लग्नाला चार वर्षं झाली असतील. वन्संचा चेहरा सकाळी सुजल्यासारखा दिसायला लागला. डोळ्यांखाली फुगवटा, पाय जड, बोलणं संथ. आवाज तर असा घोगरा झाला की आतल्या खोलीतून हाक आली की पाहुणे विचारायचे, कोण आलंय म्हणून. मे महिन्यात आम्ही पंख्याने वारा घेत बसलेलो आणि वन्सं शाल गुंडाळून. केस विंचरले की फणीत पुंजके यायचे. वह्या तपासता तपासता मान खाली जायची.

दुखणं आलं, मी म्हटलं. आमच्या डॉक्टरांनी लघवी तपासली, तीत थोडा दोष निघाला. घरचा इतिहास त्यांना पाठ होता. त्यांनी मीठ बंद करायला सांगितलं.

मग काय विचारता. मी मिठाची बरणी फडताळाच्या वरच्या फळीवर नेऊन ठेवली. वन्संचं जेवण वेगळ्या पातेल्यात करायला लागले. अळणी वरण, अळणी भाजी, अळणी भाकरी. लोणच्याचा सट लपवला, पापड बंद केले. शेजारच्या गुजराती मावशींनी त्यांना एकदा लिंबाच्या लोणच्याची फोड दिली तर मी त्यांच्या दारात जाऊन भांडून आले. आळीतल्या बायका म्हणायच्या, भावजय असावी तर अशी. मला ते गोड लागायचं. नणंदेची सेवा करणारी म्हणून मी मिरवत होते हो, खोटं कशाला सांगू.

आणि रविवारी अंगठा दाबत होते. तिथेच माझं सगळं पाप आहे. खड्डा पडत नव्हता. पाय सुजलेला, घट्ट, कातडी कोरडी, पण अंगठा काढला की पाय जसाच्या तसा. वन्संनी पहिल्याच महिन्यात ते पाहिलं. त्या घोगऱ्या, संथ आवाजात म्हणाल्या, "सुमन, खड्डा कुठे पडतोय? बाबांना पडायचा. हे काहीतरी वेगळं आहे."

मी म्हटलं, "पडेल. सुरुवात आहे."

नंतर त्या दर रविवारी तेच म्हणायच्या आणि मी दर रविवारी काहीतरी उत्तर शोधायची. एकदा तर वैतागून बोलले, "वन्सं, जिभेचे चोचले पुरवायला निमित्त शोधू नका. तुमच्या भावाला बहीण हवी आहे." त्यांनी पाय पाटावरून खाली घेतला आणि साडी सारखी केली. त्यानंतर खड्ड्याचं नाव काढलं नाही.

उपाय करूनही त्या मंदावतच गेल्या. आंघोळीला तास लागे, उत्तराला वाट बघावी लागे. खाणं निम्म्यावर आलं तरी अंग वाढतच होतं. दिवसभर एका जागी बसलेल्या दिसल्या की माझं डोकं फिरायचं. "बसून खायची सवय लागली तुम्हाला," असंही मी एकदा म्हणून गेले. शाळेत त्या वर्गात डुलक्या घेतात असं कानावर आलं, तेव्हा राजीनामा द्यायचं मीच सुचवलं. अर्जही मीच लिहिला. वन्संनी तो दोनदा वाचला. "तुझं अक्षर चांगलं आहे गं," म्हणाल्या आणि सही केली. वीस वर्षं शिकवलेल्या बाईने एवढंच म्हणावं, यातही मला दुखणंच दिसलं.

दीड वर्ष असं गेलं. मग मला दिवस गेले. स्टेशनाजवळ एका डॉक्टरीणबाईंनी नवा दवाखाना काढला होता, तिथे मी निघाले. सोबत म्हणून वन्सं आल्या, अर्ध्या वाटेत दोनदा थांबून. मी आता पुढे आणि त्या मागे.

डॉक्टरीणबाईंनी मला तपासलं, पण बघत होत्या वन्संकडे. "आवाज कधीपासून असा आहे?" त्यांनी विचारलं. दीड वर्ष झालं, मूत्रपिंडाचं दुखणं आहे, असं मी सांगितलं. मग वन्संना खुर्चीवर गुडघे टेकून उभं केलं, टाचेच्या वर छोट्या हातोडीने टिचकी मारली. पाऊल हललं आणि जागेवर परत यायला त्याने आळोखेपिळोखे दिल्यासारखा वेळ घेतला. मग बाई खाली वाकल्या आणि नडगीवर अंगठा दाबला. अगदी मी दाबायची तसा.

"ही मूत्रपिंडाची सूज नाही," त्या म्हणाल्या. "हिला खड्डा पडत नाही. यांच्या गळ्यातली ग्रंथी थकली आहे. थायरॉईड."

मी म्हटलं, "पण डॉक्टर, आमच्या घरात तर..."

"असेल ना. तेही असेल. पण एक दुखणं घरचं आहे म्हणून दुसऱ्याने येऊच नये का? मूत्रपिंडाची माणसं म्हटली की सगळं त्याच्याच नावावर खपतं, गळ्याकडे कुणी बघत नाही." मग त्यांचा आवाज चढला. "दीड वर्ष सूज आहे आणि घरात एकानेही साधं बोट दाबून पाहिलं नाही?"

मी जमिनीकडे बघत होते. दर रविवारचे ते दहा आकडे माझ्या डोक्यात चालू होते.

"नाही," वन्सं म्हणाल्या. "आम्हाला काय कळतंय त्यातलं."

घरी येताना मी त्यांच्या मागून चालले.

गोळ्या सुरू झाल्या. महिन्या-दीड महिन्याने एका सकाळी आतून खणखणीत आवाज आला, "सुमन, दूध उतू चाललंय, झोपलीस काय?" मी चुलीपुढे बसून रडले. शाल ट्रंकेत गेली, चेहरा पूर्वीचा झाला. बाईंनी चिमूटभर मिठाची परवानगी दिली. बरणी मी खाली काढली, तर आतल्या मिठाचा ओल लागून दगड झालेला. शाळेत मात्र त्यांच्या जागी दुसरी बाई आली होती. वन्सं जाऊन आल्या, चप्पल काढली आणि म्हणाल्या, "चांगली आहे पोरगी. फळ्यावर अक्षर मोठं काढते." नंतर ओसरीवर आगऱ्यांच्या पोरींना शिकवायला लागल्या. माझी मुलगीही तिथेच अक्षरं शिकली.

पाचएक वर्षं अशी मिळाली. मग एका रविवारी मी अंगठा काढला आणि नडगीवर खड्डा राहिला. आम्ही दोघी त्याच्याकडे बघत बसलो. तो भरून येईना. "हा बघ," वन्सं शांतपणे म्हणाल्या. "असा असतो. आता ठेव बरणी वर." स्वतःहून म्हणाल्या. त्यानंतर जेवताना त्यांनी डावीकडे एकदाही पाहिलं नाही.

शेवटच्या दिवसांत मी त्यांचे पाय चेपत असताना धीर करून विचारलं, "वन्सं, त्या दिवशी दवाखान्यात खोटं का बोललात?"

त्या म्हणाल्या, "खरं सांगितलं असतं तर तुला माझ्या ताटाकडे बघवलं नसतं. आणि वाढणारी तर तूच होतीस ना गं."

तुझी चूक नव्हती, असं त्या म्हणाल्या नाहीत. ते खोटं झालं असतं, आणि एका आयुष्यात त्यांना एकच जमलं.

यांचे आणि मुलीचे पाय मी अजून रविवारी बघते. खड्डा बघते, आणि खड्डा न पडणारी सूजही बघते. आवाज ऐकते, मे महिन्यात कुणी पांघरूण मागतंय का बघते, आणि कुणी म्हणालं "हे वेगळं आहे" की काम टाकून दवाखान्यात घेऊन जाते.

श्राद्धाच्या पानावर मीठ वाढत नाहीत, अशी आमच्याकडे रीत. पहिल्या वर्षी मी वन्संचं पान वाढलं आणि डाव्या कोपऱ्यात खडेमिठाची रास घातली. गुरुजी म्हणाले, "वहिनी, मीठ राहू दे, चालत नाही." हेही माझ्याकडे बघायला लागले. घरच्या रीतीपायी मी एकदा वन्संचं ऐकलं नव्हतं.

"हे पान माझ्या वन्संचं आहे, गुरुजी," मी म्हटलं, आणि अजून थोडं वाढलं.