रिसालदारांचं शिंगरू

घोड्यांवर इतका विश्वास आणि माणसांविषयी इतकी शंका बाळगणारा गृहस्थ माझ्या चुलतसासऱ्यांखेरीज साऱ्या माळव्यात दुसरा झाला नसेल. संस्थानच्या रिसाल्यात ते रिसालदार होते. संस्थान विलीन झालं, रिसाला मोडला, घोडे कुठे कुठे पांगले, आणि काका एक लोखंडी ट्रंक व घोड्याचं अंग घासायचा खरारा घेऊन रामबागेत आमच्या घरी राहायला आले. लग्न त्यांनी केलं नव्हतं. कुणी कारण विचारलंच तर "पागेत जागा नव्हती" एवढंच सांगत. मी तेव्हा या घरात नवी सून होते. पहिल्याच दिवशी त्यांनी मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं आणि माझ्या नवऱ्याला म्हणाले, "चाल सरळ आहे. टिकेल." ही स्तुती होती हे कळायला मला वर्ष लागलं.

माणसाचं जे काही दुखेखुपेल त्यावर त्यांच्याकडे पागेतला इलाज असे. ह्यांच्या कमरेत उसण भरली तेव्हा काकांनी त्यांच्या पाठीवर घोंगडी टाकून त्यांना अंगणात गोल गोल फिरवलं, आणि घाम सुकेपर्यंत पाणी पिऊ दिलं नाही. दारावरून शाळेचे हेडमास्तर जात होते, त्यांनी थांबून विचारपूस केली, तर काका गंभीरपणे म्हणाले, "अजून धाप आहे, बोलायला लावू नका." सायकलवर ते कधी बसले नाहीत. "जे स्वतः उभं राहू शकत नाही त्याच्यावर मी बसू?" माझ्या दिरांसाठी मुलगी बघायला गेलो तेव्हा बाकीच्यांनी स्वयंपाक विचारला, गाणं म्हणायला लावलं, काका कोपऱ्यात बसून नुसते पाहत होते. परत येताना टांग्यात म्हणाले, "कान सावध आहेत. घ्या." अशी सुमन आमच्या घरात आली, माझी धाकटी जाऊ झाली. सुमनला ही गोष्ट पुढे कळली तेव्हा ती इतकी हसली की तिला ठसका लागला. तो ठसका आम्ही कुणी मनावर घेतला नाही. जरा जास्तच हसली, एवढंच वाटलं.

सुमनची मुलगी शकू. जन्मली तेव्हा काकांनी तिला लांबूनच पाहिलं. "दोन पायांचं लहान जनावर मला समजत नाही," असं म्हणून ते ओटीवर आपल्या जागी जाऊन बसले. आणि खरं सांगायचं तर शकू कुणालाच समजत नसे. खाण्याच्या बाबतीत तिचा कायदा स्वतंत्र होता. पोळी अख्खी पाहिजे. तुकडा मोडला की ती पोळी बाद. वरण भाताला शिवलं की दोन्ही बाद. दुधावर सायीचा तंतू दिसला तर वाटी जमिनीवर. पण हीच मुलगी पाटीवरची पेन्सिल कुडकुडून खायची, भिंतीचा पोपडा चाटायची, चिंच बियांसकट गिळायची. एकदा तर हिरवी मिरची चावून डोळ्यांतून पाणी वाहत असताना दुसरी मागायला तिनं हात पुढे केला होता. घरातलं सगळं तिला नको, घरात नसलेलं सगळं तिला हवं. सुमन मात्र चिडत नसे. चिमणी, कावळा, चांदोबा, साऱ्या सृष्टीला कामाला लावून ती चार घास पोटात घालायचीच.

नवा मध्य प्रदेश झाला, राजधानी भोपाळला गेली, माझ्या दिरांचं ऑफिसही हलणार म्हणून घरात रोज चर्चा चालायची, त्याच दिवसांत सुमनचा खोकला वाढला. डॉक्टरांनी छातीचा फोटो काढायला लावला आणि नंतर भाऊजींना एकट्यालाच आत बोलावलं. सुमनला शहराबाहेरच्या सॅनिटोरियममध्ये ठेवावं लागलं. लहान मुलाला तिथं न्यायचं नव्हतं. निघताना तिनं शकूला जवळही घेतलं नाही, दारातून पाहिलं, पदर तोंडावर धरला आणि टांग्यात बसली. शकूला वाटलं आई लपंडाव खेळून राहिली आहे. ती बराच वेळ दारामागे जाऊन बघत होती.

त्यानंतर शकूनं खाणंच टाकलं. पेन्सिल नको, चिंच नको, मिरचीही नको. मी तिची काकू. माझी दोन मुलं माझ्याच हातची जेवून वाढलेली, म्हणून मला माझ्या हाताचा थोडा अभिमान होता. तो उतरला. मी चिमण्या आणल्या, कावळे आणले, शिरा केला, साबुदाण्याची खीर केली. शेजारच्या माळवी भाभींनी "नजर लग गई है बाई" म्हणून मीठमोहऱ्या उतरून टाकल्या. शकू दात आवळून बसायची. आम्ही पाच-सहा माणसं तिच्याभोवती कोंडाळं करून बसायचो आणि ती आमच्याकडे, एखाद्या कैद्यानं शिपायांकडे बघावं तशी बघायची. तिच्या हातातले वाळे मनगटावरून सुटून पडू लागले तेव्हा मी घाबरले. मनात यायचं, सुमन बरी होऊन येईल आणि विचारेल, माझी पोर कुठंय?

एका सकाळी काका स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन उभे राहिले. इतक्या वर्षांत ते तिथवर कधी आले नव्हते.

"सूनबाई, तुम्ही सगळे तिच्या तोंडाकडे पाहून राहिले आहात."

"मग कुठं बघू, काका?"

"दुसरीकडे. आईपासून तुटलेलं शिंगरू पागेत आलं की चारा सोडतं. जो समोर उभा राहील, त्याला ते खाऊन दाखवत नाही. इज्जतीचा सवाल असतो."

मला राग आला. "काका, ती घोडी नाहीये."

"म्हणूनच सांभाळून बोलून राहिलो आहे," ते म्हणाले आणि माझ्या हातातली वाटी घेऊन अंगणात गेले.

त्यांना लगेच यश आलं असं मुळीच नाही. शकूकडे पाठ करून ते बूट पुसत बसले, वाटी मागे ठेवली; शकूनं वरणभात सोडून बुटाची दोरी चघळली. मग त्यांनी घोड्याच्या तोंडाला बांधतात तसा एक छोटासा तोबरा जुन्या सदऱ्याचा शिवला, त्यात चुरमा भरून तिच्या गळ्यात अडकवला. शकूनं तो काढून मांजरीच्या डोक्यावर उपडा केला. मी तोबरा चुलीत घालणार होते, पण भाऊजींना त्या दिवशी कितीतरी दिवसांनी हसू आलं होतं, म्हणून राहू दिला. शेवटी काका थकले. सल्ला नाही, युक्ती नाही; भूक लागली होती म्हणून ते पायरीवर बसून स्वतःसाठी भिजवलेले हरभरे आणि गूळ खाऊ लागले, मचमच आवाज करत. जरा वेळानं त्यांच्या काखेखालून एक चिमुकला हात आला आणि ताटलीतले हरभरे घेऊन गेला. काका हलले नाहीत. मी खिडकीत होते. माझ्याकडे बघून त्यांनी फक्त बोट ओठांवर ठेवलं.

हरभऱ्यामागून भाकरी आली, भाकरीवर तूप आलं, तुपाबरोबर वरण चोरपावलांनी आलं. शकू काकांना "ताता" म्हणू लागली. तिला खांद्यावर घेऊन ते सियागंजच्या किराणा बाजारात जायचे. तिथं ती पोत्यापोत्यात हात घालून चव घेई: खारीक, बडीशेप, आमचूर, एकदा तर अख्खी लवंग. एक किराणावाला एकदा म्हणाला, "रिसालदार साब, बच्ची है के बकरी?" काकांनी शांतपणे उत्तर दिलं, "घोडी है." लाल तिखट शेव खाऊन तिचं नाक वाहायचं आणि काका ते आपल्या फेट्याच्या लोंबत्या शेमल्याला पुसायचे. ज्या फेट्याला आम्हा कुणाला हात लावायची परवानगी नव्हती, तोच फेटा. वाळे पुन्हा मनगटावर ठरले. काका संध्याकाळी ओटीवरूनच ओरडून मला सांगत, "सूनबाई, शिंगरू जेवलं!" साऱ्या गल्लीला ती बातमी रोज कळायची.

वर्ष उलटून गेलं आणि सुमन बरी होऊन आली. आम्ही दारात तिला ओवाळलं. शकूनं तिच्याकडे पाहिलं आणि काकांच्या पायामागे लपली. सगळे म्हणाले, होईल सवय. पण सवय होईना. सुमन वाटी घेऊन बसली की शकू तोंड फिरवायची आणि ओटीकडे बघून "ताता" म्हणायची. काका पुढे आले की तेच वरण, तोच भात गपागप खायची. काकांनी परोपरीनं करून पाहिलं. सुमननं कालवायचं आणि त्यांनी भरवायचं. मग त्यांनी नुसतं जवळ बसायचं आणि सुमननं भरवायचं. शकू घास तोंडात धरून ठेवायची आणि सुमन उठली की थुंकायची. एकदा दुपारी सुमन माझ्यापाशी येऊन मोरीशी टेकून बसली. रडली नाही. म्हणाली, "वहिनी, मी बरी कशाला झाले?"

काका पाणी प्यायला आत येत होते. त्यांनी ते ऐकलं. पाणी न पिताच मागे फिरले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ट्रंक भरली. जवळच्या हातोद गावी त्यांच्या रिसाल्यातला एक दफेदार शेती करून होता. "त्याच्याकडे दोन घोड्या आहेत, सांभाळायला माणूस नाही. बोलावून राहिला आहे केव्हाचा," असं त्यांनी ह्यांना सांगितलं. ह्यांनी अडवलं, भाऊजींनी पाय धरले. काका म्हणाले, "एका लगामाला दोन हात चालत नाहीत." शकू मागच्या अंगणात खेळत होती. ते तिच्याकडे गेले नाहीत. पुढच्या दारानं निघाले आणि मोटारस्टँडकडे चालू लागले. दफेदारानं त्यांना बोलावलं नव्हतं. ते अचानक ट्रंक घेऊन आले तेव्हा तोच चकित झाला होता, हे आम्हाला फार पुढे कळलं.

शकूनं ओटी शोधली, अंगण शोधलं, दारामागे पाहिलं. मग जमिनीवर लोळून रडली आणि पुन्हा दात आवळले. सुमन तिच्या मागे धावली नाही. तिच्यात धावायची शक्तीच उरली नव्हती. त्या रविवारी मी बाफले, म्हणजे कणकेचे उकडून भाजलेले गोळे, केले होते. सुमन सकाळपासून उपाशी होती. मी जबरदस्तीनं तिचं पान वाढलं. ती कुणाकडे न बघता, मान खाली घालून, दाळीत बाफला कुस्करून खाऊ लागली. डोळ्यांतलं पाणी ताटात पडत होतं ते तिला कळत नव्हतं. शकू भिंतीला टेकून बघत होती. मग ती उठली, आईच्या अंगाला घासून उभी राहिली, आणि ताटातला तुपानं माखलेला तुकडा उचलून तिनं तोंडात घातला. सुमनचा हात थांबला. "तिखट आहे गं," ती कशीबशी म्हणाली. शकूनं दुसरा तुकडा घेतला.

भाऊजी त्याच आठवड्यात हातोदला गेले. परत आल्यावर म्हणाले, "काकांना सांगितलं. ते घोडीचे खूर साफ करत होते. विचारलं, 'कुणाच्या ताटातून?' मी म्हटलं, आईच्या. मग बराच वेळ खूर साफच करत राहिले."

त्यानंतर काका राहायला म्हणून कधी आले नाहीत. कितीही बोलावलं तरी निमित्त काढायचे: घोडी व्यायली आहे, गहू कापणीला आलाय. एका दिवाळीला दुपारपुरते आले. शकू तेव्हा परकर नेसून मिरवत होती. तिनं त्यांना निरखून पाहिलं आणि आईला विचारलं, "आई, हे आजोबा कोण आहेत?" काकांनीच उत्तर दिलं. "मी हातोदचा," ते म्हणाले. शकूचं समाधान झालं, ती फुलबाज्या लावायला पळाली. मी त्यांना कोपऱ्यापर्यंत पोहोचवायला गेले. काही बोलावं म्हणून म्हटलं, "काका, पोर लहान होती." ते म्हणाले, "बरोबर आहे. एवढ्या वयातलं कुणालाच आठवत नसतं. मला तरी कुठं आठवतं, मला कुणी भरवलं ते." मग फेटा नीट केला आणि माझ्याकडे न बघता निघून गेले. पुढच्या थंडीत ते हातोदलाच वारले.

शकूचं लग्न झालं, तिला मुलगा झाला, तोही खाण्याचे हाल करतो. मागच्या सुट्टीत ती आली होती. त्याला भरवून दमली आणि म्हणाली, "आई, मी पण अशीच त्रास द्यायचे का गं? तू कसं केलंस?"

सुमननं माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, "मी नव्हते तेव्हा. तुला काका भरवायचे."

"कोण काका?"

सुमननं नातवाला मांडीवर ओढून घेतलं आणि शकूला आपल्या शेजारी बसायची खूण केली. "बस इथं," ती म्हणाली, "सांगते." मी उठून कणीक भिजवायला आत गेले. ती गोष्ट सांगायचा हक्क तिचा होता.